लंडनला मुराळी कोण जाईल

मुंबईहून लंडन सात हजारांवर किलोमीटर आहे. धामणगाव बढ्याहून जळगाव जामोद शंभराच्या आत. पहिलं माझ्या धाकट्या बहिणीचं सासर, दुसरं माझं. हे अंतर मी शाळेत मुलांना शिकवलं आहे, पृथ्वीच्या गोलावर दोरा ठेवून मोजून दाखवलं आहे. आईला मात्र ते मला कधी धड सांगता आलं नाही. सांगायला गेले आणि त्यातून सगळं प्रकरण उभं राहिलं.

आम्ही दोघीच बहिणी. भाऊ नाही. बाबांची धामणगावाला विहिरीवरची शेती, तिच्यात वांगी, मिरची, कांदा. मी थोरली. लग्न होऊन जळगाव जामोदला गेले आणि तिथल्या शाळेत मास्तरीण झाले. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती, गावोगाव शाळा निघत होत्या आणि सातवी पास झालेल्या, शिकवायची तयारी असलेल्या बाईला नोकरी मिळत होती. धाकटी माझ्यापेक्षा देखणी आणि हट्टी. तिला अकोल्याचं स्थळ आलं. मुलगा डॉक्टर, विलायतेत इस्पितळात नोकरीला. लग्नासाठी आला, महिनाभर राहिला आणि तिला घेऊन गेला.

आई-बाबांनी तिला मलकापूरच्या फलाटावर निरोप दिला. मुंबईच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती, नवी साडी, हातात पितळी डबा. आईच्या दृष्टीने ती तिथून गेली. पुढे मुंबई, तिथून सांताक्रूझ, तिथून विमान, हे सगळं आईला ऐकून ठाऊक होतं. डोळ्यांसमोर यायचा तो फलाटच.

त्यानंतर आई बोलायची कमी झाली. रडली वगैरे नाही, आमच्या घरी रडण्याची पद्धत नाही. पण कांद्याची रोपं लावता लावता मध्येच थांबायची आणि बांधापलीकडे बघत राहायची. बाबा म्हणायचे, "तथी काय पायतं? तो मोताळ्याचा रस्ता हाये." आई म्हणायची, "मले माहीत हाये," आणि परत वाकायची.

एका सुट्टीत मी आले असताना ती मला म्हणाली, "लय लांब गेली वं पोरगी."

मला असं हताश बोलणं आवडत नाही. मी लगेच म्हटलं, "काई लांब नाई माय. जावईबुवांनीच सांगतलं ना, सकाळी मुंबईहून इमान निघते आन दुपारच्या जेवणाले तथी पोचते. तेवढ्या वेळात मी माह्या घरीबी पोचत नाई. पूर्णेले पूर असला तं रातच्याले नांदुऱ्यालेच पडून राहा लागते."

यातला पहिला भाग आईने ऐकला. दुसरा हवेत गेला.

"दुपारच्या जेवणाले?" ती म्हणाली. "मंग जवळच हाये."

आणि तिचा चेहरा असा बदलला की तिचं घड्याळ आणि आपलं घड्याळ निराळं असतं, विमानाला खरं तर सबंध दिवस लागतो, हे सांगायचं मी टाळलं. त्यात काही बिघडेल असं वाटलं नव्हतं.

बिघडलं ते धाकटीला दिवस गेल्यावर. पत्र आलं, मीच वाचून दाखवलं. आईने पदराने तोंड पुसलं आणि पहिलं वाक्य बोलली ते हे: "आणाले कोण जाईन?"

आमच्याकडे लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते, ती आपल्या पायांनी येत नाही. तिला आणायला माहेरचं माणूस जातं. भाऊ, बाप, मामा, कोणी तरी. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी दारात आल्याशिवाय लेक उंबरा ओलांडत नाही. आली तर सासरचे म्हणणार, हिला कोणी विचारणारं नाही. मला आणायला बाबा आले होते, कोऱ्या धोतरात, हातात फराळाची पिशवी. माझ्या दुसऱ्या खेपेला कोणी यायचं कारण नव्हतं, ते बाळंतपण जळगावलाच झालं. त्यानंतर मी आपली एस.टी.ने येत होते, जात होते. सुट्टी लागली की पिशवी भरायची आणि निघायचं. मी जवळची.

बाबा म्हणाले, "जावई तिकीट काढून देतीन तिचं. ते बसवतीन, मुंबईले आपण उतरून घेऊ. मंधात कोणाची गरज नाई."

"मंधात एकटी?"

"इमानात माणसं असतात वं. बाया असतात. पाणी देतात, जेवण देतात."

"इमान मुराळी होते का?" आई म्हणाली.

बाबा उठले. ते मिरच्या बघायला निघून गेले.

विलायतेला जाऊन परत यायचं तिकीट आमच्यासारख्यांच्या आवाक्यातलं नव्हतं, तेव्हा तो प्रश्न तिथेच मिटला. पण आई थांबणारी नव्हती. तिने मला विचारून विचारून विमानाची सगळी माहिती काढली. कुठे थांबतं, लहान पोर रडलं तर काय करतात, बाईला पाय पसरता येतात का. मला यातलं निम्मं ठाऊक नव्हतं. जे ठाऊक होतं ते मी सरळ सांगितलं. आणि त्यात एकदा सांगून बसले की येताना विमान तिथून दुपारी निघतं ते इथे दुसऱ्या दिवशी सकाळी पोचतं.

आईचे हात थांबले. ती तूर पाखडत होती.

"जातानी दुपारपर्यंत, आन येतानी दुसरा दिवस?"

आता घड्याळाचं सांगणं भाग होतं. मी तिला समजावलं. एक वांगं घेतलं, त्याला पृथ्वी केलं, दाराच्या कवडशात फिरवून दाखवलं. "तथी सूर्य उशिरा उगवते माय. आपली दुपार होते तवा त्याह्यची सकाळ. म्हणून घड्याळ असं दाखवते."

"सूर्य उशिरा उगवते तं तिनं उशिरा उठाव," आई म्हणाली. "रस्त्याचं काय? रस्ता तं तोच हाये ना?"

"तोच."

"मंग चढ असन."

बाबा ओट्यावरून हसले. "इमानाले घाट लागते काय वं?"

"तुमी बसले होते का इमानात?"

"नाई बा."

"मंग काऊन बोलता?"

आईचं माहेर बीबीचं. बीबी घाटावर, धामणगाव घाटाखाली. आमच्या जिल्ह्यात माणसाचं पहिलं ओळखपत्र हेच, घाटावरचा की घाटाखालचा. आई लग्न होऊन आली ती राजूरचा घाट उतरून, छकड्यात बसून, आणि गाडी एवढी पळत होती की मागे लाकडाचा ओंडका बांधून ती रोखावी लागली. माझ्या जन्माच्या वेळेला मामा तिला न्यायला आला तेव्हा तोच घाट चढायचा होता. पायथ्याशी बैल सोडले, पाणी पाजलं, मग हळूहळू वर. अवघड वळणावर मामा स्वतः चाकाला हात लावायचा. उतरताना घटका, चढताना सबंध सकाळ. तेव्हा माहेराहून सासरी लवकर पोचणं आणि सासरहून माहेरी उशिरा पोचणं यात आईला काहीच नवल वाटलं नाही. लंडन घाटाखाली आहे आणि आपण घाटावर, एवढंच तिने ठरवून टाकलं. सूर्य, घड्याळ, वांगं, सगळं बाजूला.

"पोटुशी बाई, चढाचा रस्ता," ती म्हणाली. "आन सोबत कोणी नाई."

शेवटी तोडगा मी काढला. आठवडी बाजाराला जाताना जसं ठरवतात तसं दोघांना समोर बसवून ठरवलं. मुराळी मी. मुंबईपर्यंत जाईन, विमानाच्या दाराशी उभी राहीन, तिला उतरवून घेईन आणि घरी आणीन. विमान हे जावईबुवांचं वाहन समजायचं. सासरच्या बैलगाडीने अर्ध्या वाटेवर आणून सोडलं आणि पुढे माहेरची गाडी, असं आमच्याकडे पूर्वीही होत असे.

आईने बराच विचार केला. "बाईमाणूस मुराळी?"

"भाऊ असता तं त्याले पाठवलं असतं. मी हावो."

"हाव," आई म्हणाली. मग तिला आणखी एक आठवलं. "पण इचारलं कुठी सासरच्याइले?"

हे खरंच राहिलं होतं. धाकटीचं सासर म्हणजे लंडन नव्हे, अकोला. सासू अकोल्यात. मुराळी तिच्या दारात जायला हवा, तिची परवानगी हवी. मग एका रविवारी बाबा आणि मी मलकापूरहून गाडीने अकोल्याला गेलो, लंडनमधल्या पोरीला न्यायची परवानगी मागायला. बाबांनी तेच कोरं धोतर काढलं होतं. फराळाची पिशवी माझ्या हातात.

विहीणबाई विधवा, एकट्या, आवाज मोठा. पाणी दिलं आणि समोर बसल्या.

"कोणाले नेता इवाई? पोरगी तं तिकडे हाये."

बाबा म्हणाले, "रीत हाये. तुमाले इचारल्याबिगर कसं नेऊ?"

"मले कोण इचारते? पोरगा माहा तिकडे, सून तिकडे. मी इथं भिताडाशी बोलतो."

"आमी इचाराले आलो ना."

त्यांनी पाण्याचं भांडं उचललं. मग उठल्या, आत गेल्या, पाट आणला आणि मला म्हणाल्या, "बसा, मास्तरीणबाई."

"मी काऊन?"

"तिच्या जागी बसा. ओटी भरल्याबिगर सून पाठवाची पद्धत नाई माह्या घरी."

मी पाटावर बसले. मला दोन मुलं, वर्गात साठ पोरं, आणि मी पहिलटकरणीसारखी पदर पसरून बसले. विधवेनं ओटी भरायची रीत नव्हती, पण घरात दुसरं कोण होतं? त्यांनीच तांदूळ घातले, नारळ ठेवला, खण ठेवला, कुंकू लावलं. माझ्या कपाळावर लावताना त्यांचा हात जरा रेंगाळला. म्हणाल्या, "हे तिले द्या. आन पत्र लिहिसान तं लिहा, इमानात बाजूची जागा खाली असन तं त्यालेबी बसवून आण म्हणा. पाच वर्षांत महिनाभर दिसला."

बाबांनी मान हलवली. परतीच्या गाडीत नारळ माझ्या मांडीवर होता. नांदुरा मागे पडल्यावर बाबा म्हणाले, "तिचंबी खरं हाये."

धामणगावात तयारी झाली. मागची खोली सारवून घेतली. बाजेच्या जुन्या सुतळ्या काढून बाबांनी ती नव्याने विणली, घट्ट. आईने डिंक, खोबरं, खारीक, बाळंतशेपा, ओवा असं एकेक जमवून डब्यांत भरलं. सातवा महिना लागला की निघायचं असं पत्राने ठरलं होतं. मी शाळेतून रजा घेतली, मुलांना सासूबाईंकडे सोपवलं आणि दोन दिवस आधीच धामणगावाला आले. मुंबईत उतरायला एका ओळखीच्या बाईंकडे सोय केली होती. धाकटीसाठी उशी घेतली. मलकापूरहून धामणगावापर्यंतचा रस्ता मला माहीत होता. सात हजार किलोमीटरपेक्षा मला त्या चाळीसांची जास्त भीती होती.

खरं सांगायचं तर मलाही ती हवी होती. आई सारखं तिचं नाव घ्यायची म्हणून मी घेत नसे, इतकंच. आम्ही दोघी एका गोधडीत झोपलो होतो, माझं लग्न होईपर्यंत ती माझ्याच अंगावर पाय टाकून झोपायची. सांताक्रूझला तिला कुठे उभी राहून शोधायची, ती आधी काय बोलेल, हे मी बसमध्ये मनात घोळवत आले होते.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तार आली. तार म्हटलं की शेजारपाजारचे गोळा होतात, तसे झाले. इंग्रजीत होती. मी वाचली. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं, रक्तदाब वाढलेला आहे, प्रवास करायचा नाही, काळजी करू नका, तब्येत बरी आहे. मी ती मराठीत सांगितली, शेवटचं आधी आणि पहिलं शेवटी.

आई चुलीपुढे बसून होती. म्हणाली, "येत नाई का मंग?"

"नाई माय. आता नाई."

"चढामुळं," आई म्हणाली.

मी काही दुरुस्त केलं नाही. आकाशात फार उंच गेल्यावर माणसाचं रक्त कसं चालतं हे मला तरी कुठे ठाऊक होतं?

थोड्या वेळाने तिने विचारलं, "तिचं करीन कोण तथी?"

"इस्पितळात बाया असतात. सगळं करतात."

"अंगाले तेल लावतात?"

"नाई लावत बहुतेक."

"शेक?"

"नाई."

आईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. बाबा मागच्या खोलीत गेले आणि बाज उभी करू लागले, भिंतीला लावून ठेवायला. आईने आतूनच आवाज दिला, "राहू द्या ते."

माझी रजा शिल्लक होती. मी म्हटलं, उद्या परत जाते, रजा वाचेल. आई म्हणाली, "राह्य दोन दिस." माझ्या लग्नानंतर तिने मला राहा असं कधी म्हटलं नव्हतं. म्हणायची गरज पडली नव्हती, मी येत-जातच होते. मी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला बाजेवर बसवलं आणि डोक्याला तेल लावायला घेतलं. मी म्हटलं, "माय, मी बाळंतीण नाई."

"गप बस. तेल कोमट केलं हाये, वाया जाईन."

मग लाडू. डिंक ठेवून काय करू, मुंग्या लागतीन, असं म्हणत तिने तो तळला, खारका कुटल्या. लाडू वळताना ती मध्येच विचारायची, "निघाली असती तं आता कुठी असती?"

मी हिशेब करून सांगायची. "अजून घरीच असती. तिकडच्या दुपारी निघाली असती."

संध्याकाळी दिवा लागला. "आता?"

"आता निघाली."

रात्री निजताना, "आता?"

"आता अर्ध्यातबी नाई."

"चढ हाये ना," आई म्हणाली. "बैलं थकतात."

बाबा हसले नाहीत. मीही नाही. सकाळी उठल्यावर तिने विचारलं नाही. मीच सांगितलं, "उतरली असती माय आता." ती "हाव" म्हणाली आणि दूध काढायला गेली.

मी निघाले त्या दिवशी आई एस.टी.च्या थांब्यावर आली. ती कधी यायची नाही, दारातूनच हात करायची. माझ्या पिशवीत लाडवांचा डबा आणि विहीणबाईंचा खण. नारळ आईने देवापुढे ठेवून घेतला होता. बस आली. मी पाय ठेवला तेव्हा तिने मला विचारलं, "किती वेळ लागते वं तुले घरी पोचाले?"

"दिवेलागण होते. दोन गाड्या बदला लागतात."

"सारा दिवस?"

"हाव."

"आन पूर असला तं नांदुऱ्यालेच मुक्काम. म्हणली होतीस तू."

मी म्हटलं, "आता पूर नाई माय."

"म्या आइकलं नाई तवा," आई म्हणाली. "लय लांब दिलं तुले."

कंडक्टर खोळंबला होता. आईने त्यालाच धरलं. "भाऊ, माह्या लेकीले मलकापूरले नीट उतरून द्या."

"आजी, त्या मास्तरीणबाई हायेत. नेहमी येतात."

"असू द्या. लांब जाते ते."

धाकटीला मुलगी झाली, ही पुढची तार मला शाळेतच मिळाली. मायलेकी सुखरूप होत्या. मी वर्गाला सुट्टी दिली नाही, पण गणिताचा तास घेतला नाही. पृथ्वीचा गोल काढला आणि पोरांना मुंबई दाखवली, लंडन दाखवलं. एक वीत होती मधे.

त्या वर्षी दिवाळीच्या आठवडाभर आधी, भर दुपारी, जळगावच्या आमच्या दारात बाबा उभे होते. कोरं धोतर, हातात फराळाची पिशवी. माझ्या सासूबाई घाबरल्या, काय झालं म्हणून.

"काई नाई," बाबा म्हणाले. "लेकीले न्याले आलो. तिच्या मायनं धाडलं."

मी म्हटलं, "बाबा, मी आलीच असती. शनिवारी सुट्टी लागते."

"माहीत हाये मले. पण तुही माय म्हणे, मुराळी पाठवल्याबिगर पोरगी कशी येईन?"

शाळा सोडून निघता येणार नव्हतं. बाबांना चार दिवस ठेवून घेतलं. त्यांनी माझ्या परसात मिरचीचा वाफा केला. शनिवारी निघालो. पूर्णेच्या पुलावर बस हळू झाली, खाली पाणी संथ होतं. बाबा खिडकीतून बघत होते.

"इकडून जास्त वेळ लागते का वं?" त्यांनी विचारलं. "जातानीपेक्षा?"

रस्ता सपाट आहे. दोन्हीकडून सारखाच वेळ लागतो, मी कितीदा तरी पाहिलं आहे.

"हाव," मी म्हटलं. "लागते."